मूल झोपतं ते घर

"पांघरूण लाथाडायचं आणि मग सकाळी नाक गळतंय म्हणून माझ्याच बाहीला पुसायचं. कोणावर गेली आहे ही पोरगी, देव जाणे."

भिंतीपलीकडे जाऊबाई कुरकुरत होत्या. कुरकुर माझ्यासाठी नव्हती, त्यांची त्यांच्याशीच चालली होती. पण आमची भिंत अशी आहे की पलीकडे कोणी उसासा टाकला तरी इकडे कळतं, आणि मी तर तिलाच पाठ लावून बूट घालत बसले होते. पोरगी माझ्यावर गेली होती. लहानपणी मीसुद्धा पांघरूण लाथाडायचे. एक बूट हातात धरून मी तशीच थांबले, अजून काही ऐकू येतं का म्हणून. पलीकडे गुंडी शिंकली. मग पुन्हा शिंकली.

"शाबास," जाऊबाई म्हणाल्या. "आता एवढंच बाकी होतं."

मी दुसरा बूट घातला आणि अंधारातच कामाला निघाले.

गुंडी माझी मुलगी. सहा वर्षांची. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि मी दिवसभर लोकांच्या शर्टांना गुंड्या लावायचे, म्हणून ती गुंडी. लग्नानंतर पुष्कळ वर्षं वाट पाहायला लावून आलेली. तिच्या बरोबरीच्या मुलांच्या आया मला बालवाडीच्या फाटकाशी भेटल्या की आधी ‘आजी’ म्हणतात आणि मग जीभ चावतात. अशी ही एकुलती एक पोरगी माझ्या उशीपासून वीतभर अंतरावर झोपत होती. मधे फक्त भिंत होती. ती भिंतही आम्हीच पुरी केलेली.

आमची इमारत दोन रस्त्यांच्या मधे उभी आहे. बांधणाऱ्याने शेजारशेजारच्या दोन जागा घेतल्या आणि त्यांवर मिळून एकच इमारत चढवली, पण कागदावर जागा दोनच राहिल्या. त्यामुळे जिने दोन, खालची दारं दोन आणि पत्तेही दोन. डाव्या जिन्याने वर आलं की भाऊजींचं घर, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. उजव्या जिन्याने आलं की आमचं. मजला एक, मधली भिंत एक. घरं घेतली त्याच वर्षी दोघा भावांनी त्या भिंतीत दार पाडलं. मग काय, मीठ तिकडे जायचं, खुर्ची इकडे यायची, भांडण दोन्हीकडे फिरायचं. सासूबाई दिवसा तिकडे असायच्या, झोपायला इकडे यायच्या. "मी दोन्ही घरची पाहुणी, मला कामं सांगू नका," असं म्हणायच्या आणि दोन्ही घरची कामं करायच्या.

आमच्या गावात शाळा सरकारी, आणि कुठलं मूल कुठल्या शाळेत जाणार हे रस्त्यावरून ठरतं. डाव्या जिन्याची मुलं टेकडीच्या शाळेत, उजव्या जिन्याची पुलाजवळच्या शाळेत. सीमारेषा आमच्या मधल्या भिंतीतून गेली आहे हे आम्हाला पुष्कळ वर्षं माहीतच नव्हतं. भाऊजींचा मुलगा टेकडीच्या शाळेत शिकला, दूरच्या शहरात नोकरीला लागला आणि आता रविवारी फोन करतो. आमच्याकडे मूलच नव्हतं, तेव्हा रेषेचं आम्हाला काय?

गुंडी बालवाडीत गेली आणि भाऊजींनी शिक्षण खात्याचा तक्ता काढला.

हा तक्ता दरवर्षी निघतो. गावातल्या सगळ्या शाळा, वरपासून खालपर्यंत, निकालाप्रमाणे ओळीने लावलेल्या. भाऊजी औषधांच्या दुकानात आहेत, बारीक अक्षर वाचण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. रविवारी नाश्ता झाला की संगणक टेबलावर ठेवायचे आणि आम्हा सगळ्यांना बसवून वाचायचे.

"टेकडीची शाळा चौथी," ते म्हणाले. "पुलाजवळची एकसष्टावी."

"किती शाळांत?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"चौसष्ट."

"म्हणजे अजून तीन आहेत की खाली."

"तू गप्प बस."

नवरा गप्प बसला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला अडकलेल्या लोकांशी बोलायची सवय आहे, आणि अडकलेल्या माणसाला फार काही सांगायचं नसतं असं त्याचं मत आहे.

क्रमांकाच्या शेजारी प्रत्येक शाळेचं एक रंगीत वर्तुळ होतं. शाळेत मुलं कोणकोणत्या घरांतून येतात ते त्यात रंगवलेलं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा पिवळा रंग, अलीकडेच गावात आलेल्यांचा राखाडी, दुपारचं जेवण फुकट मिळतं त्यांचा तपकिरी. आणि जांभळा. टेकडीच्या शाळेच्या वर्तुळात जांभळ्याचा एक बारीक काप होता, लिंबाच्या फोडीएवढा. पुलाजवळच्या शाळेचं जवळजवळ अर्धं वर्तुळ जांभळं होतं.

"जांभळं म्हणजे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

भाऊजींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा चांगला स्वच्छ होता. "ते आपलं... घरचं वातावरण," ते म्हणाले. "एकूणात."

मी त्यांच्या मागे उभी राहून चहा ओतत होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं ते मी वाचलं: ‘आईचं शालेय शिक्षण अपूर्ण’. वाचायची मला सवय आहे. अक्षरं मी शाळेत शिकले, वाचायला शिकले धोब्याच्या दुकानात. लोक कोटाच्या खिशात काय काय विसरतात, विचारू नका. तिकिटं, पत्रं, अर्धी वाचलेली पुस्तकं. मालक म्हणायचे, आठवडाभर ठेवायचं, कोणी आलं नाही तर तुझं.

मी नववीत शाळा सोडली. आई अंथरुणाला खिळली, घरात मोठी मीच. पुलाजवळचीच शाळा. हे त्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून कोणीच काही बोललं नाही.

त्या रविवारपासून ‘जांभळं’ हा आमच्या घरातला शब्द झाला. भाजीच्या दुकानात दोन पोरं ढकलाढकली करत असली की भाऊजी डोळ्यांनीच म्हणायचे, बघा. "त्या शाळेत बिचाऱ्या मुलांना घरी विचारणारं कोणी नसतं," असं ते म्हणायचे. जाऊबाई म्हणायच्या, "संगतीचा प्रश्न असतो." सासूबाई म्हणायच्या, "शिक्षक तरी काय करणार." आणि मी म्हणायचे, "हो ना." कधीकधी त्यांच्याआधीच म्हणायचे.

गैरसमज नको. ही माणसं वाईट नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा बँकेचे कागद समोर आले की मी ते दुसऱ्याकडे सरकवायचे. जाऊबाई पदवीधर. पण त्या कधी म्हणाल्या नाहीत की तुला येत नसेल. त्या म्हणायच्या, "अगं, माझा चष्मा सापडत नाही, तू वाच बघू मोठ्याने," आणि चष्मा त्यांच्या डोक्यावर असायचा. असं वर्षभर चाललं. वर्षभरात मला बँकेचे कागद यायला लागले आणि त्यांचा चष्मा सापडला.

तर त्याच जाऊबाई एका रविवारी म्हणाल्या, "आमची ती खोली रिकामीच आहे."

 कोणी नाही म्हटलं नाही.

भाऊजींनी शिक्षण खात्यात फोन करून नियम विचारला. मूल बहुतेक रात्री जिथे झोपतं ते त्याचं घर, असं उत्तर मिळालं. नियम तसा सोपा. बहुतेक लोक काय करतात तेही फोनवरच्या माणसाने सुचवल्यासारखं केलं. पत्ता लिहायचा काकांचा आणि मूल झोपवायचं आपल्या घरी.

"ह्या घरात खोटं लिहायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

इथे थोडं सांगायला हवं. माझ्या सासरच्यांना खोटं बोलता येत नाही. हा गुण आहे की आजार, मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा भाऊजींनी दुकानात पोट बिघडलंय असं सांगून सुट्टी घेतली, मॅच बघायची म्हणून. सासूबाईंनी त्यांना दिवसभर अंथरुणातून उठू दिलं नाही. जेवायला दिलं नाही, टीव्ही लावू दिला नाही, तासातासाने गरम पाणी दिलं. संध्याकाळी भाऊजींचं पोट खरोखर बिघडलं, तेव्हा कुठे सासूबाईंच्या जिवाला बरं वाटलं. म्हणजे आमच्याकडे खोटं बोललेलं चालतं, फक्त ते लगेच खरं करून टाकावं लागतं. आणि न बोललेलं तर केव्हाही चालतं. त्याला सासूबाईंची कधीच हरकत नसते.

तेव्हा ठरलं की लिहायचं तसं करायचंही. एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने गुंडीची खाट सोडवली, मधल्या दारातून तुकड्यातुकड्याने पलीकडे नेली आणि रिकाम्या खोलीत पुन्हा जोडली. गुंडी टाळ्या वाजवत मागेमागे. तिला वाटलं, सहल आहे. "मोठीआई, मी तुझ्याकडे राहायला आले," असं ती जाऊबाईंना सांगत होती, आणि जाऊबाई तिला हसून "हो का, भाडं काय देणार?" विचारत होत्या. खूप दिवसांनी त्यांच्या घरात कोणीतरी पळत होतं.

मग शाळेच्या अर्जात पुढचा प्रश्न आला. आईवडील त्याच गावात असताना मूल नातेवाइकांकडे का राहतं? खाली चौकटी दिल्या होत्या. आजारपण, तुरुंगवास, कामाच्या वेळा, इतर.

"तुरुंगवास नको," नवरा म्हणाला.

"कामाच्या वेळा," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं धोब्याचं दुकान दिवसा उघडायचं, संध्याकाळी बंद व्हायचं. सासूबाईंनी पण माझ्याकडे पाहिलं.

मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात पहाटेची पाळी घेतली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. कोटाचे खिसे नाहीत, पुस्तकं नाहीत. वाफ मात्र इतकी, की समोरची बाई दिसायची नाही, नुसती खोकायची. पहाटेची पाळी म्हणजे संध्याकाळी मी लवकर आडवी. नवऱ्याने रात्रीची पाळी मागून घेतली. रात्री लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सोडवायला कोणी तयारच नसतं, साहेब खूश झाले. मी निघायचे तेव्हा तो जिना चढत असायचा. "काय म्हणतोस?" "दोन अडकले, तीन सुटले." "तीन कसे?" "एक कुत्रं होतं." एवढंच आमचं संसाराचं बोलणं.

तरी दार राहिलं होतं. भाऊजींनी बारीक अक्षरात शोधून काढलं की आतून दार असलं की दोन घरं एकच धरतात, आणि एकच धरलं तर पत्ता कुठला ह्याचा निकाल खातं देणार. त्यांनी दारासमोर कपाट सरकवलं. सासूबाईंनी त्या दिवशी कपाटाभोवती फेऱ्या मारल्या.

"कपाट म्हणजे बंद नव्हे," त्या शेवटी म्हणाल्या. "कपाट म्हणजे कपाट."

गवंडी आला. विटा रचता रचता त्याने डोकं आत घालून विचारलं, "आत कोणी राहिलं नाही ना?" आणि एकटाच हसला. मग त्याने गिलावा केला. दार गेलं.

सगळं इतकं मन लावून केलं आम्ही, की सासूबाईंचा विचारच कोणी केला नाही. त्यांची खाट आमच्याकडे होती. भिंत झाल्यावर ती खाट आता डाव्या जिन्याने चढवायची कोणाला हौस? तेव्हा त्या दिवसा डावीकडे आणि रात्री उजवीकडे, आधीसारख्याच, फक्त आता खाली उतरून, कोपऱ्याला वळसा घालून, पुन्हा वर चढून. "पाहुणीला फार चालवता रे," म्हणायच्या, धापा टाकत.

वळसा मलाही होताच. दुपारी कामावरून आले की डाव्या जिन्याने वर जायचे, गुंडीला भेटायचे. आधी मी जेवणाच्या टेबलाशी बसायचे. मग कोणीतरी म्हणालं, भाऊजीच असतील, की खात्याची बाई न सांगता तपासायला येते, आई सारखी इथेच दिसली तर बरं दिसणार नाही. मग मी दाराजवळच्या खुर्चीत बसायला लागले. बूट न काढता.

पहिले काही दिवस संध्याकाळी नवरा भिंतीवर टकटक करायचा. "घाबरू नका, हलू नका, दार स्वतः उघडू नका, मदत येत आहे," असं तो त्याच्या कामाच्या आवाजात म्हणायचा आणि पलीकडे गुंडी खिदळायची. ती उलट टकटक करायची. मग ती दमून लवकर झोपायला लागली. जाऊबाई तिला निजताना गोष्ट वाचून दाखवायच्या. चांगल्या वाचायच्या, माणसांचे वेगवेगळे आवाज काढून. मी भिंतीला टेकून ऐकायचे. गोष्ट संपायच्या आधीच मला झोप लागायची, चारला उठायचं असायचं. त्यामुळे कुठल्याच गोष्टीचा शेवट मला माहीत नाही.

एके दुपारी मी गेले तर गुंडी चित्र काढत होती. मी खुर्चीतून उठून तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं.

"आई, तू तिथेच बस ना," ती हळूच म्हणाली. "बाई आल्या म्हणजे?"

"आल्या तर आल्या."

"नको ना. तू पाहुणी आहेस ना आता, आजीसारखी?"

मी परत खुर्चीत जाऊन बसले. जाऊबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या आत जाऊन भांडी आवरायला लागल्या. बराच वेळ आवरत होत्या. एवढी भांडी त्यांच्याकडे नाहीत.

घरी आल्यावर मी नवऱ्याला उठवलं. "आपण हे बंद करू या का?" असं विचारायचं होतं. तो डोळे चोळत उठून बसला आणि म्हणाला, "काय झालं? कोण अडकलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "झोप तू."

शाळा उघडायला महिना राहिला होता तेव्हा बाई आल्या.

त्या दिवशी दुपारी आम्ही बहुतेक सगळे तिकडेच होतो. भाऊजी जेवायला घरी आले होते, सासूबाई पाय चोळत बसल्या होत्या, मी माझ्या खुर्चीत. घंटी वाजली. दारात एक जाडशी बाई, खांद्यावर पिशवी, पाय सुजलेले. "लिफ्ट बंद आहे तुमची," असं त्या पहिलंच वाक्य बोलल्या, आणि नेमका तेव्हाच माझा नवरा झोपेतून उठून वळसा घालून चहाला आला. "आमच्या कंपनीची नाही," तो दारातूनच म्हणाला.

बाईंना मी मनात पुष्कळदा पाहिलं होतं. उंच, चष्मा, आखडलेली. ह्या तशा नव्हत्या. त्यांनी पाणी मागितलं, दोन पेले प्यायल्या. मग गुंडीची खोली पाहिली. खाट, उशी, कपडे, दात घासायचा ब्रश. गुंडीने त्यांना सगळं दाखवलं, अगदी मोज्यांची जोडीसुद्धा. "आणि ही मोठीआई," तिने जाऊबाईंकडे बोट दाखवलं. मग बोट माझ्याकडे आलं आणि मधेच थांबलं. माझं काय सांगायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"मी आई," मी म्हटलं. उभी राहून म्हटलं. हात वर करायचाच बाकी ठेवला होता.

"बसा, बसा," बाई म्हणाल्या. "मूल खरंच इथे राहतं, दिसतंय ते. आता तेवढं कारण राहिलं. आईची पाळी पहाटेची?"

"हो."

"वडिलांची?"

"रात्रीची," नवरा म्हणाला.

"म्हणजे रात्री तिकडे मोठं माणूस कोणी नसतं." त्यांनी लिहायला पेन उचललं.

भाऊजींनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मी त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. ते सासूबाईंकडे बघत होते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"मी असते," सासूबाई म्हणाल्या. दुसरं काही म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं.

बाईंचं पेन थांबलं. "आजी रात्री तिकडे असतात?"

"माझी खाट तिकडे आहे."

"मग मूल आजीजवळ का नाही झोपत?"

"आईचं आता वय झालं," भाऊजी घाईने म्हणाले. "रात्रीबेरात्री काही लागलं तर..."

"मला काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या. "रोज दोन्ही जिने चढते-उतरते मी."

नवरा हसला आणि लगेच खोकला. बाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या. गिलाव्यावरून त्यांनी हात फिरवला. रंग आम्ही तोच लावला होता, पण जुन्या भिंतीला तेलकट डाग होते आणि मधला उंच चौकोन कोरा होता.

"हे नवं आहे."

"हो," भाऊजी म्हणाले.

"आधी काय होतं?"

भाऊजींनी जाऊबाईंकडे पाहिलं, जाऊबाईंनी जमिनीकडे. "दार," ते म्हणाले.

बाई परत येऊन बसल्या. पेन त्यांनी पिशवीत टाकलं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "मी रोज घरं बघते. लोक खोटं बोलतात. कोणाची खाट नवी कोरी असते, कोणाचा ब्रश ओला झालेला नसतो. मला कळतं, मी लिहिते आणि जाते, सरळ काम आहे. तुमच्याकडे सगळं खरं आहे. दार खरं बुजवलंय, पाळ्या खऱ्या बदलल्यात. आणि तरी मला काहीही कळत नाही. आजी घरात असताना मूल आईपासून एका भिंतीपलीकडे का ठेवलंय?"

"क्रमांक," भाऊजी म्हणाले. "टेकडीची शाळा चौथी आहे. पुलाजवळची, म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. आणि मुलांची पार्श्वभूमी पाहिली तर, म्हणजे ते वर्तुळ..."

"वर्तुळ मीच भरते," बाई म्हणाल्या. "ती शाळा बघायला गेलाय का तुमच्यापैकी कोणी? आतून?"

 भाऊजी चष्मा पुसायला लागले. सासूबाईंनी पाय चोळायला घेतले, त्यांचं ते केव्हाही चालणारं न बोलणं त्यांच्या मदतीला आलं. नवरा छताकडे बघत होता. आणि मी? त्या शाळेची घंटा कुठवर ऐकू येते ते मला माहीत होतं. पावसात कुठल्या वर्गात गळतं, भूगोलाचे सर नकाशा न बघता फळ्यावर कसा काढायचे, न आलेल्या मुलीच्या घरी वर्गाच्या बाई शाळा सुटल्यावर कशा जायच्या, आमच्या घरी आल्या होत्या तेव्हा माझ्या आईच्या उशाशी बसून काय म्हणाल्या होत्या. मी माझ्या बुटांकडे बघत बसले.

"कोणीच नाही?" बाईंनी पुन्हा विचारलं. ओरडून नाही. दमलेल्या माणसासारखं.

"गुंडी," जाऊबाई म्हणाल्या, "खालच्या आजींकडे जा बरं. त्यांना विचार, मांजरीने पिल्लं कुठे ठेवली."

गुंडी गेली. जिन्यावर तिची पावलं वाजत खाली गेली. ती वाजायची थांबेपर्यंत जाऊबाई दार धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी दार लावलं. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, माझ्या खांद्यावर नाही, पाठीवर, खुर्चीच्या.

"वहिनी, नको," नवरा म्हणाला. तो त्याच्या कामाच्या आवाजात बोलला नाही.

"मॅडम, मी सांगते," जाऊबाई म्हणाल्या. "ही गेली आहे त्या शाळेत. आठ वर्षं गेली, नववीत शाळा सुटली, मग लोकांचे कपडे धुतले. आम्ही इथे रविवार-रविवार बसून क्रमांक वाचतो, वातावरण म्हणतो, संगत म्हणतो. शाळेची भीती आम्हाला नाहीच आहे. पोरगी आईसारखी होईल, ही भीती आहे. ह्यांना वाटली, सासूबाईंना वाटली. मला तर वाटलीच, आणि मला घरात एक मूलही हवं होतं. म्हणून आम्ही तिला आईपासून तोडून इकडे झोपवतो. आणि ही एका शब्दाने भांडली नाही आमच्याशी, कारण आमच्यापेक्षा जास्त ती भीती हिलाच वाटते."